कपाटावरची चपटी बॅग: एका घरातलं लॉजचं प्रकरण

हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, हुद्दा आणि नात्यातले काही तपशील बदलले आहेत. लॉजचं, म्हणजे फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेचं, नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं, लष्करी छावणी असलेलं एक शहर. नवरा, बायको, अकरावीतली मुलगी आणि नवऱ्याची आई असं चौघांचं घर. भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे त्या दोघांना दादा आणि वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. दादा एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या बांधकाम खात्यात उपअभियंता आहेत. वहिनी हायस्कुलात गणित शिकवतात. आजी माळकरी. गुडघे धरेपर्यंत त्यांनी आषाढी वारी कधी चुकवली नाही.

महिन्यातल्या एका ठरलेल्या मंगळवारी दादा काळा सूट घालून बाहेर पडत आणि जेवूनच परत येत. घरी सांगितलेलं असे, ‘रोटरीची मीटिंग’. हे सहा वर्षं चाललं.

दिवाळीच्या आवराआवरीत वहिनींनी कपाटावरची एक चपटी काळी बॅग खाली काढली. आत फिकट निळ्या किनारीचा पांढरा एप्रन, तोही मेंढीच्या कोवळ्या कातड्याचा. पांढरे हातमोजे. कोटाला लावायची एक पिन. एक छोटं पुस्तक, त्यात अधूनमधून शब्दांऐवजी नुसती आद्याक्षरं आणि टिंबं. शिवाय कुठल्याशा समारंभाची छापील पत्रिका. वहिनींचे वडील, अण्णा, गवंडी होते, त्यामुळे पिनेवरची खूण त्यांना लगेच कळली: गुण्या आणि कंपास. “आमच्या घरी गुण्या, ओळंबा, थापी दाराआड उभी असायची,” त्या मला नंतर म्हणाल्या. “पण कोटाला लावायला गुण्या कशाला लागतो, ते कळेना.”

त्या दादांची वाट बघत बसल्या. मुलीला तेवढा धीर नव्हता. तिने फोटो काढून मावसभावाला पाठवला, ‘हे काय असतं रे?’ रात्रीपर्यंत फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला आणि दादा घरी येण्याआधीच निकाल लागला होता. एका मामांनी व्हिडिओ टाकला, त्यात बोकडाच्या डोक्याचा सैतान, पेटलेल्या मेणबत्त्या आणि जगाचा कारभार गुपचूप चालवणारी माणसं. खाली त्यांचा शेरा: ‘नरबळीपर्यंत जातात हे लोक. वेळीच पोलिसांत जा.’

लॉज म्हणजे काय, आणि लोक काय समजतात

दादा फ्रीमेसन होते. ही बंधुसंघटना इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली, १७२९–३० च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये. मुंबईत ती सुरुवातीला गोऱ्यांपुरतीच होती. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत दार उघडेना, म्हणून ते युरोपात गेले आणि पॅरिसमध्ये दीक्षा घेऊन आले. त्यानंतर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं. फिरोजशहा मेहता फ्रीमेसन होते, मोतीलाल नेहरूही. १९६१ मध्ये भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची शिखरसंस्था, झालं. त्याचं काम दिल्लीतून चालतं आणि खाली चार प्रादेशिक विभाग आहेत.

सभासद व्हायला कुठल्या तरी एका परमेश्वरावर विश्वास लागतो. कोणत्या, ते विचारत नाहीत. भारतातल्या लॉजमध्ये वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता असे पाच ग्रंथ असतात. आत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी आहे. दीक्षेच्या तीन पायऱ्या. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, एक पाय चपलेतून मोकळा, अशा अवस्थेत उमेदवाराला आत आणतात. तिसऱ्या पायरीत बायबलातल्या सॉलोमन राजाच्या मंदिराचा कारागीर हिराम याच्या खुनाचं नाट्य होतं आणि उमेदवाराला त्याच्या जागी ‘मरावं’ लागतं. दाराबाहेर एक जण उपसलेली तलवार घेऊन उभा असतो. रात्रीच्या वेळी, बंद खिडक्यांच्या जुन्या इमारतीत काळे कोट घातलेले पुरुष हे करताना बघून छावणीतल्या खानसाम्यांना आणि माळ्यांना काय वाटलं असेल? इंग्रजी अमदानीत लोक लॉजला ‘जादूघर’ म्हणत. या शहरातल्या इमारतीला अजूनही रिक्षावाले ‘भुताचा बंगला’ म्हणतात. तसं सांगितलं की बरोबर दारात सोडतात.

गंमत अशी की हे सगळे विधी १७३० मध्येच सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या माणसाने लंडनमध्ये छापून विकले होते. मग गुपित उरतं ते ओळखीच्या खुणांचं: हात मिळवण्याची पद्धत, काही शब्द, काही हावभाव. ‘मी फ्रीमेसन आहे’ असं घरी, कचेरीत किंवा चौकात सांगायला सभासदाला कसलीही आडकाठी नाही. दुसऱ्याचं नाव त्याला न विचारता सांगू नये, एवढीच रीत.

हे मला माहीत होतं. दादांनाही माहीत होतं, आणि तरी सहा वर्षं ‘रोटरी’.

प्रश्न काय होता

माझ्याकडे समुपदेशनासाठी दोघं आले ते तुळशीचं लग्न झाल्यावर. तोवर एकाच घरात तीन वेगवेगळी भांडणं चालू होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच भांडण खरं.

आजींना सैतानाचं काही नव्हतं. त्यांचा आक्षेप कातड्याला होता: माझ्या देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटावर मेलेल्या जनावराचं कातडं सहा वर्षं होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. मुलीला भीती होती कॉलेजातल्या मुलींची. तो व्हिडिओ तिथवर गेला होता. आणि वहिनी?

इथे मी चूक केली. पहिला तास मी सैतान खोडून काढण्यात घालवला. लिओ ताक्सील या फ्रेंच लेखकाने १८८५ पासून फ्रीमेसन सैतानपूजक असल्याच्या कहाण्या रचून छापल्या, लोकांनी बारा वर्षं त्या खऱ्या मानल्या, आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये भरसभेत त्यानेच सांगितलं की ही सगळी थाप होती, हे सगळं मी रंगवून सांगितलं. मामांच्या व्हिडिओतला बोकड त्याच कळपातला आहे, असंही म्हणाले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, मला भुताची भीती नाही. मी गणित शिकवते. बहात्तर मंगळवार खोटे निघाले, ते कशात धरू?”

सहा वर्षं गुणिले बारा. त्यांनी घरीच हिशेब करून आणला होता.

दुसरी गोष्ट त्यांनी त्याहून खालच्या आवाजात सांगितली. पत्रिकेवर लॉजच्या पदाधिकाऱ्यांची नावं होती. त्यातलं एक नाव त्यांच्या ओळखीचं होतं: एका ठेकेदाराचं. त्याच्या रस्त्याच्या कामाची एमबी, म्हणजे मोजमापवही, दादांकडे होती आणि बिल निघायचं होतं. दादा फोनवर त्याला ‘साहेब’ म्हणायचे, ते त्यांनी ऐकलं होतं. लॉजमध्ये त्याला ‘ब्रदर’ म्हणत असतील, हे आता कळलं.

समोरचे पर्याय

मामांचा पर्याय पोलिसांचा होता आणि तो हसण्यावारी नेता आला नाही, कारण ते खरोखर ठाण्यात जायच्या तयारीत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्यं दिली आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक आणि लुबाडणूक, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, अशी. सूट घालून शपथ घेणं, नाटक करणं आणि नंतर जेवणं त्यात कुठेच बसत नाही. मी मामांना फोन करून अनुसूची वाचून दाखवली. ते म्हणाले, “मग पेपरात देऊ.” हा कायदा ज्यांच्यासाठी झाला, त्यांचं दुःख या व्हिडिओंशेजारी नेऊन ठेवणं मला मनापासून खटकलं आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं.

दादांचा पहिला पर्याय होता राजीनामा. “सोडून देतो, विषय संपला.” ऐकायला सोपं. पण वहिनींना लॉज सुटायला नको होतं, त्यांना उत्तर हवं होतं. राजीनामा देऊन दादा ते उत्तर टाळणार होते. शिवाय ठेकेदाराची फाइल तशीच राहणार होती.

त्यांचा दुसरा पर्याय होता मोठ्या नावांची ढाल. कलकत्त्यात १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, फ्रीमेसन झाले होते. दादांनी हे आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, “असतील. पण ते आईला कीर्तनाला जातो सांगून तिकडे गेले होते का?”

मीही एक ढाल पुढे केली. मला वाटलं, आजींना गुरुमंत्राची उपमा पटेल. अनुग्रह घेतलेली माणसं कानात सांगितलेला मंत्र नवऱ्यालाही सांगत नाहीत, मुंजीत उपदेश पांघरुणाखाली होतो, अग्यारीत परक्याला प्रवेश नसतो. गुप्तता म्हणजे पाप नव्हे. आजींनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “आमचा मंत्र उघडा आहे बाई. रामकृष्णहरी. टाळ कुटून गावभर सांगतो आम्ही. कानात सांगायचं ते तुमच्याकडचं.” माझी उपमा तिथेच संपली. वारकऱ्यासमोर गुप्त मंत्राची थोरवी सांगायला मी गेले होते, याचं मला आजही हसू येतं.

दरम्यान वहिनींच्या शाळेतल्या गोव्याच्या सहशिक्षिकेने तिसरंच सांगितलं: आमच्या चर्चमध्ये याला सरळ मनाई आहे. ते खरं आहे. पोपनी १७३८ मध्ये बंदी घातली, १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती कायम असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. वहिनींना त्यातून एक जाणवलं: फक्त अडाणी लोक संशय घेतात असं नाही, विचार करून नको म्हणणारेही आहेत.

उरलेला पर्याय सगळ्यात कंटाळवाणा होता. जे सांगायला बंदीच नाही ते सगळं सांगायचं, जे सांगता येत नाही ते ‘सांगता येत नाही’ असं तोंडावर सांगायचं, आणि ठेकेदाराचा विषय घराबाहेर, कचेरीत नेऊन सोडवायचा.

काय केलं

दुसऱ्या भेटीत दादांनी सांगितलं, का लपवलं ते. लाज. दीक्षेची तिसरी पायरी झाली त्या रात्री ते खूप हलले होते. त्याच वर्षी त्यांचे वडील गेले होते आणि मेलेल्या कारागिराच्या जागी डोळे मिटून पडल्यावर त्यांना रडू आलं. घरी येऊन हे कसं सांगायचं? ‘रोटरी’ म्हटलं आणि पुढच्या महिन्यात ते तसंच राहिलं. खोटं मोठं नव्हतं, दर महिन्याला पुन्हा सांगावं लागलं म्हणून वाढलं.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी शपथेबद्दल विचारलं. दादा म्हणाले, दीक्षेआधी विचारतात की कुठल्याही आर्थिक लाभाच्या हेतूने तर येत नाही ना. भावाचं गुपित राखायची शपथ असते, पण खून, देशद्रोह आणि कायद्याविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले असतात. वहिनी म्हणाल्या, “शपथेत लिहिलंय ते ठीक. सही करताना तिथे कोण बघतं?”

त्याच आठवड्यात मुलीने आणखी एक गोष्ट आणली आणि ती बोकडापेक्षा वजनदार होती. इटलीत ‘पी-दुए’ नावाचं लॉज होतं. १९८१ च्या मार्चमध्ये पोलिसांना त्याचा प्रमुख लिचो जेल्ली याच्याकडे ९६२ नावांची यादी सापडली. त्यात मंत्री, सेनाधिकारी, गुप्तचर खात्याचे प्रमुख, पत्रकार. सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी तिथे गुप्त संघटनांविरुद्ध कायदा झाला. दादा म्हणाले, त्या लॉजला तिथल्या मुख्य संघटनेने आधीच निलंबित केलं होतं. तेही खरं. मुलगी म्हणाली, “पण यादी सापडेपर्यंत कुणाला काय माहीत होतं, बाबा?”

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न त्या सोळा वर्षांच्या मुलीने विचारला. लोक भुतांबद्दल बोलतात, कारण ते बोलायला सोपं. मनातली खरी शंका वेगळी असते: आत कोण कुणाला ओळखतं, आणि त्या ओळखीचं बाहेर काय होतं?

दादांनी वरिष्ठांना लेखी दिलं: अमुक ठेकेदार आणि मी एकाच संस्थेचे सभासद आहोत, तरी या कामाची मोजमापं आणि देयक दुसऱ्या अभियंत्याकडे द्यावं. वरिष्ठ हसले. “अहो, तो आणि मी एका तालमीत होतो. त्याची बहीण माझ्या चुलतभावाला दिलीय. मग मीही लिहून देऊ?” दादा म्हणाले, द्यायला हवं. अर्ज आवक-नोंदवहीत चढला, एवढं तरी झालं.

मग एका रविवारी दादा वहिनींना आणि मुलीला इमारत दाखवायला घेऊन गेले. बैठक नसलेल्या दिवशी पाहुण्यांना आत नेता येतं, हे त्यांना विचारल्यावर पाच मिनिटांत कळलं. सहा वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. आत काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, दोन खांब, पूर्वेला अध्यक्षांची खुर्ची, वेदीवर पाच ग्रंथ. एका बाजूला दोन दगड ठेवलेले, एक ओबडधोबड आणि एक घडवलेला: माणसाने स्वतःला घडवावं, अशी त्यांची खूण. वहिनींनी घडवलेल्या दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हा अण्णांनी परत पाठवला असता.”

आजी आल्या नाहीत. घरी आल्यावर विचारलं, गीता आहे ना? आहे म्हटल्यावर, “आणि गाथा?” गाथा नव्हती.

काय झालं

ठेकेदाराने दादांशी बोलणं बंद केलं. बिल दुसऱ्या अभियंत्याने तपासलं, एका थरात खडी कमी भरली म्हणून कपात झाली आणि मग निघालं. ती कपात दादांनी केली असती का, हा प्रश्न वहिनींनी विचारला नाही, मीही नाही. लॉजमधल्या एका ज्येष्ठ सभासदाने दादांना बाजूला घेऊन सांगितलं की योग्य केलंस. दुसऱ्या एकाने सांगितलं की घरातलं घरात ठेवायला शिक.

दादांनी लॉज सोडलं नाही. सहा महिने गेले नाहीत, मग पुन्हा जाऊ लागले. आता निघताना ‘लॉजला चाललोय’ असं मोठ्याने सांगतात, जरा जास्तच मोठ्याने. बॅग गाडीच्या डिकीत असते, ती घरात आणायची नाही, ही आजींची अट. वहिनी वर्षातून एकदा कुटुंबांसाठी असलेल्या जेवणाला गेल्या आणि स्वयंपाक बेचव होता असं येऊन सांगितलं. मंगळवारबद्दल त्या बोलत नाहीत. माफ केलंय की नाही, ते त्यांनाच माहीत.

मामांनी व्हिडिओ काढून टाकला नाही.

मुलीचं वेगळंच. बायकांना का घेत नाहीत, असं तिने विचारलं. दादा म्हणाले, परंपरा. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी एक वेगळी शाखा आहे, ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या आणि नंतर त्यांनी ती भारतात रुजवली, पण दादांची संघटना त्या शाखेला मानत नाही. हे तिने स्वतः शोधून काढलं आणि जेवताना ताटावर वाचून दाखवलं.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं सांगते. आल्या आल्या मी ‘समज विरुद्ध गैरसमज’ असा तक्ता मनात आखला आणि माहिती देत सुटले. समोरच्या बाईला माहिती नको होती. पहिल्या दहा मिनिटांत ‘तुम्हाला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं?’ एवढं विचारलं असतं, तर एक अख्खी भेट वाचली असती. ठेकेदाराचं नावही आधी कळलं असतं. त्या आठवड्यात बिल निघून गेलं असतं तर पुढचं सगळं अवघड झालं असतं.

दादांनी दीक्षेच्या रात्री घरी येऊन ‘आज काहीतरी झालं, पण मला सगळं सांगता येत नाही’ एवढं म्हटलं असतं, तर वहिनींना ते चाललं असतं. असं त्याच म्हणाल्या. पण हे आता म्हणणं सोपं आहे, हेही त्यांनीच म्हटलं.

लॉजकडेही बोट दाखवायला हवं. अनेक लॉजमध्ये उमेदवाराच्या घरी जाऊन बायकोची हरकत नाही ना, हे विचारायची पद्धत आहे. दादांच्या वेळी दोन सभासद आले होते, पण दादांनी भेट एका हॉटेलात ठेवली, चहा पाजला, आणि त्यांनीही घरच्यांना का नाही भेटवलं, असं विचारलं नाही. जी संघटना आपल्याबद्दलच्या अफवांची तक्रार करते, तिने निदान हा एक दरवाजा तरी वाजवायला हवा होता.

यंदा नव्या उमेदवारांना भेटायचं काम दादांकडे आलं. त्यांनी अट घातली की भेट घरीच होईल. गेल्या महिन्यात ते असेच एका घरी गेले. त्या गृहस्थांच्या पत्नी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या, “बसा ना. तुम्ही रोटरीचे का?”